आंदणाचं कपाट आणि काकूचा पाय

मालाच्या गाडीत बसलेलं माणूस माल नसतं आणि प्रवासीही नसतं, हे मला विमा कंपनीच्या वकिलाकडून कळलं. मग ते असतं तरी काय, असं मी त्याला तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. पण तेव्हा मी पन्नाशीची होते, अंगावर नवी सिल्कची साडी होती, आणि कोर्टात आपण कशा दिसतो याच्याकडेच माझं निम्मं लक्ष होतं. त्या पन्नाशीतल्या बाईची, म्हणजे माझीच, आठवण झाली की आजही मला हसू येतं. हसून झालं की तिच्या एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटते.

माझ्या मुलीचं लग्न होतं. आम्ही आंजीचे, मुलगा पुलगावचा. लग्न मुलाकडे, तिथल्या लॉनवर. मुलाकडचे म्हणाले होते, आम्हाला काही नको. 'काही नको' म्हणणारी माणसं मला तेव्हा फार आवडायची. त्यांच्या 'काही नको'चा अर्थ असा होता, की पोरीला काय द्यायचं ते तुमचं तुम्ही पाहा, फक्त आमच्या मोठ्या सुनेच्या आंदणात दोन दारांचं कपाट आलं होतं, एवढं ध्यानात असू द्या. मी तीन दारांचं घेतलं. आरशाचं. शिवाय दिवाण, कूलर, शेगडी, मुलीचं नाव कोरलेली भांडी. गावातल्या बायांनी डोळे भरून पाहावं म्हणून ते सगळं मी मांडवात मांडून ठेवलं आणि कोणाला हलवू दिलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला कूलर चालू करून दाखवायची. त्यात पाणीही नसायचं. बाया फुफाट्यासारख्या गरम वाऱ्यात उभ्या राहून म्हणायच्या, "मस्त आहे वं." आणि मला ते खरं वाटायचं.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाडासाठी मिनीबस आली आणि सामानासाठी मालाची मेटॅडोर. सामानासोबत घरचं एक माणूस जायचं, ही आमच्याकडची रीत. पण ते आईनं जायचं नाही. आईनं आंदण दिलं की तिचा हात सुटला. सासरच्या दारात ते उतरवून घ्यायचं काम काकूचं. काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. आम्ही सगळ्या बसमध्ये चढायच्या गडबडीत होतो आणि मुलगी मेंदीचे हात वर धरून अंगणात आली.

"काकू, तूच जाय वं सामानासंगं. मले दुसऱ्या कोणाचा भरोसा नाई. हा ड्रायव्हर दोरीबी धड बांधून नाई राह्यला."

"जातो ना," जाऊ म्हणाली. "तुह्या मायनं तुले दिलं तितकं मले कोणी दिलं असतं, त मी कपाटातच बसून सासरी आली असती."

ती हळदीकुंकवाचं ताट मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर बसली, आणि गाडी निघाली. आमची बस मागे. मेटॅडोरचा ड्रायव्हर एका हातानं गाडी हाकत होता आणि खिडकीबाहेर काढलेल्या दुसऱ्या हातात त्याचा मोबाइल होता, हे मला बसच्या समोरच्या काचेतून स्वच्छ दिसत होतं. ते पाहून मी काय विचार केला असेल? आपलं कपाट मागूनसुद्धा किती भारदस्त दिसतं, हा. दुसरा कुठलाही विचार त्या डोक्यात शिरला नाही. शिरायला जागाच नव्हती, तिथे तीन दारांचं कपाट होतं.

कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या एका वावरातून रोही रस्त्यावर आली. नीलगाय ती, तिला काय रस्ता आणि काय वावर. ड्रायव्हरनं घाबरून स्टेअरिंग फिरवलं आणि मेटॅडोर कडेच्या नालीत आडवी झाली. रोही पलीकडच्या वावरात निघून गेली. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर आला आणि आधी मोबाइल शोधायला लागला. जाऊ दाराखाली अडकली होती. तिला बाहेर काढलं तेव्हा तिचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला होता. ती ओरडत नव्हती. कुंकवानं सगळं अंग लाल झालेलं, त्यामुळे रक्त कोणतं ते कळत नव्हतं. माझ्या दिरांनी एका अनोळखी माणसाची कार थांबवली आणि तिला घेऊन वर्ध्याच्या दवाखान्याकडे गेले.

कार वळणाआड जाते न जाते तोच माझा फोन वाजला. मुलीची सासू. आमच्या भाषेत माझी ईनबाई.

"काय वं बाई, गाडी पलटली म्हणते? आरसा त नाई फुटला?"

"नाई नाई ईनबाई," मी म्हणाले. "आरशाले काहीच नाई झालं."

आणि खरंच काही झालं नव्हतं. त्याचा मला आनंदही झाला. रस्त्याच्या कडेला उभी राहून, जावेच्या चपलेचा एक जोड समोर पडलेला असताना, मला आनंद झाला. चार गड्यांनी कपाट दुसऱ्या गाडीत चढवलं. मुहूर्त चुकला नाही. पाहुणे विचारत होते, धाकटी कुठे दिसत नाही? शुभकार्यात भलतं बोलायचं नाही म्हणून मी सांगत होते, जरा पाय मुरगळला, येऊनच राह्यली. जिलेबीचा आग्रह करत करत सांगत होते.

पायात सळई टाकली, पण हाड सरळ जुळलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा उघडून बसवावं लागेल. नाहीतर ही बाई जन्मभर पाय ओढत चालेल आणि पुढे तेही बंद होईल. पहिल्या ऑपरेशनमध्ये दिरांचा त्या सालचा सगळा कापूस गेला होता. लग्नानं आमचंही घर धुऊन निघालेलं. म्हणजे दुसरं ऑपरेशन व्हायचं तर ते गाडीच्या विम्यातूनच. दिरांनी वर्ध्याच्या कोर्टात केस टाकली.

गाडीमालकानं उत्तर दिलं, की बाई आपल्या गाडीत चढली कधी हेच मला ठाऊक नाही. हा गृहस्थ लग्नाला आला होता आणि दोनदा मठ्ठा मागून प्याला होता. विमा कंपनीचं उत्तर जास्त सभ्य होतं. गाडी मालाची, विमाही मालाच्या गाडीचा. बाई म्हणजे फुकट बसलेली प्रवासी. प्रवासी नेण्याचा हप्ता आम्ही घेतलेला नाही, सबब देणं लागत नाही. माणसाचा पाय मोडल्यावर 'सबब' हा शब्द ज्याला सुचतो, त्याच्या घरी आरसा असतो की नाही कोण जाणे.

आमचा वकील कायम तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून असायचा आणि थुंकी सांडू नये म्हणून मान वर करून बोलायचा. त्यामुळे तो आपल्याशी नाही, छताशी बोलतो आहे असं वाटे. पण बोलला ते सरळ बोलला. म्हणाला, "कायदा सोपा आहे. मालाच्या गाडीत मालाचा मालक बसला असेल, नाहीतर मालकानं मालासोबत पाठवलेलं माणूस असेल, तर कंपनीला द्यावंच लागते. गाडी चालली आहे तर चला, म्हणून जो चढला त्याले मिळत नाही. तुम्हाला खोटं काही सांगायचं नाही. सामान आमचं, आणि हिला आम्ही सामानासोबत पाठवलं. दोन वाक्यं. बस."

दोन वाक्यं! बचत गटाच्या सभेत मी माइक सोडत नसे. दोन वाक्यांत आटपायचं म्हणजे मला अपमान वाटला. तारखेच्या आदल्या दिवशी मी साडीला इस्त्री करून आणली.

कंपनीचा वकील तरणा होता. आवाज असा, की साखर घातलेलं दूध. त्यानं मला पहिल्याच वाक्यात 'मावशी' म्हटलं आणि मी तिथेच विरघळले.

"मावशी, लग्न अगदी थाटात झालं म्हणे."

"हौ साहेब. पुऱ्या पुलगावनं पाह्यलं."

"सामानही भरपूर दिलंत."

"तीन दरवाज्याचं कपाट. आरशाचं. कूलर, दिवाण..."

"हो, हो. म्हणजे गाडीतलं ते सामान तुमचं होतं?"

आता इथे 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. पण माझ्या डोळ्यांसमोर ईनबाई आली, पुलगाव आलं, आंजीतल्या सगळ्या बाया आल्या. पोरीला हळदकुंकू लावून दिलेल्या वस्तूला आईनं 'आमचं' म्हणायचं? चार माणसांत? त्यापेक्षा मरण बरं, असं त्या सिल्कच्या साडीतल्या बाईला वाटलं. मरण अर्थात जावेचं.

"छ्या! दिलं ते दिलं, साहेब. अंगणातून गाडीत चढलं का आमचा हात सुटला. दिलेलं आमचं म्हणायले आमी काय भिकारी आहो? आमचं त्यात काहीच नाई."

आमच्या वकिलाची मान खाली आली. त्यानं बहुतेक खर्रा गिळला.

"वा. मन मोठं आहे तुमचं," तरणा म्हणाला. "आणि धाकट्या जाऊबाईंना सामानाच्या गाडीत तुम्ही बसवलंत?"

बसमध्ये मोठी आणि मालाच्या गाडीत धाकटी! हे जर कागदावर आलं तर घराण्याचं काय राहील? घराणं! आमचं घराणं म्हणजे चार खोल्या, एक बैलजोडी आणि उन्हाळ्यात आटणारी विहीर.

"नाई नाई," मी म्हणाले, "आमच्या घरी कोणी कोणाले कामाले लावत नाई. ते आपल्या मनानं बसली. हौसेनं. पाहुणीसारखी."

"पाहुणीसारखी," तो म्हणाला, आणि टाइप करणाऱ्याची बोटं थांबेपर्यंत वाट पाहत राहिला. मग मला वाकून म्हणाला, "थँक यू, मावशी."

मी हात जोडून म्हणाले, "येजा कधी आंजीले."

बाहेरच्या बाकावर जाऊ कुबड्या भिंतीला टेकवून बसली होती. दिरांनी तिला आतली हकिकत सांगितली. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "मी हौसेनं बसली होती काय?"

"अवं, लोकं काय म्हणतीन म्हणून..."

"कोणते लोकं? तिथी त एक टाइप करणारा होता अन् एक पंखा होता. पंखा म्हणाला असता काही?"

मी निऱ्या न सावरताच पायऱ्या उतरले. आयुष्यात पहिल्यांदा.

कोर्टासमोरच्या टपरीवर आमच्या वकिलानं तर्री पोहे मागवले, स्वतःचे एकट्याचे, आणि खाता खाता म्हणाला, "सामान मुलीचं, असं तुम्हीच शपथेवर सांगितलंत. ठीक आहे. मग मालक मुलगी. तिनं येऊन सांगावं, की माझं सामान होतं आणि काकूला मी पाठवलं. खरंच पाठवलं होतं ना तिनं?"

"हौ. मेंदीच्या हातानं येऊन सांगितलं होतं."

"मग आणा तिला. आणि तिच्या सासरचं कोणी येऊन सांगेल की सामान आमच्या घरी उतरलं, तर दुधात साखर."

म्हणून आम्ही पुलगावला गेलो. समोरच्या खोलीतच आमचं कपाट उभं होतं. ईनबाईनं माझ्या मुलीचं नाव कोरलेल्या ताटात चहाचे कप आणले आणि म्हणाली, "आमच्या घरी त काहीच आलं नाई."

"म्हणजे?"

"काहीच नाई. कोर्टात आंदण म्हटलं का ते हुंडा म्हणतीन. उद्या आमालेच आत टाकतीन. आमी आधीच म्हटलं होतं ना, आमाले काही नको म्हणून?"

"अन् हे कपाट?" दिरांनी विचारलं.

"हे घरातलंच होय."

ईवाई, म्हणजे मुलीचे सासरे, पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. दिरांनी त्यांना हात जोडले, म्हणाले, "भाऊ, तिचा पाय सडून राह्यला." ईवाई म्हणाले, "हे वाईटच झालं," आणि पुढचं पान वाचायला घेतलं. कंपनीच्या मते गाडीत सामानाचा मालक नव्हता. मी शपथेवर सांगितलं होतं, आमचं नाही. आणि ज्यांच्या घरात ते होतं ते म्हणत होते, आलंच नाही. असं बेवारशी कपाट जिल्ह्यात दुसरं नसेल.

आणि मी काय केलं? मी चहा प्याले. ईनबाईला 'तुमचंही बरोबर आहे' म्हणाले. निघताना दारात मुलीच्या कानात सांगितलं, "तू काही येऊ नको कोर्टात. आपलं घर पाह्य." मुलीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कप उचलायला आत गेली. मला वाटलं, किती समजूतदार निघाली, माझ्यावर गेली आहे.

तारखेला ती आली. एसटीनं, एकटी. म्हणजे पुढे ती आणि मागे दहा पावलांवर तिची सासू, पाळतीवर. पुलगावपासून दोघी एकाच गाडीत, वेगवेगळ्या सीटवर बसून आल्या होत्या.

तरण्या वकिलानं तिला 'ताई' म्हटलं. "ताई, सासरी सुखात आहात ना?"

"त्याचं इथं काय काम?" मुलगी म्हणाली.

त्यानं आवाजातली थोडी साखर कमी केली. "गाडीतलं सामान कोणाचं होतं?"

"माझं."

"तुमच्या काकू हौसेनं गाडीत बसल्या, असं तुमच्या आईच सांगून गेल्या आहेत."

"आई बसमध्ये जागा धरत होती. काकूला मी पाठवलं. माझ्या हाताला मेंदी होती, नवरी सामानाच्या गाडीत जात नाही, म्हणून माझ्या वतीनं काकू गेली."

"पण तुमच्या सासऱ्यांनी आमच्या माणसाला सांगितलं, की घरी कसलंच सामान आलं नाही."

"सासूबाई बाहेर बसल्या आहेत," मुलगी म्हणाली. "त्यांच्या कमरेला चाव्या आहेत. त्यांना विचारा, कशाच्या."

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी चष्मा काढला. आमच्या वकिलानं, पहिल्यांदाच मान सरळ ठेवून, या बाईंची साक्ष घ्यावी अशी विनंती केली. ईनबाईला आत बोलावलं. ती पदरानं कंबर झाकत आली. चाव्या वाजतच होत्या.

"कशाच्या चाव्या?"

"कपाटाच्या जी."

"कोणाच्या कपाटाच्या?"

ईनबाईनं मुलीकडे पाहिलं, वकिलाकडे पाहिलं, वर पंख्याकडेसुद्धा पाहिलं. शपथ घेतली होती आणि बाई देवभोळी. "हिच्याच त होय जी. मी फक्त सांभाळून राह्यली."

"म्हणजे सामान आलं होतं."

"आलं होतं जी. पन आमी मांगितलं नव्हतं!"

"ते कोणी विचारलेलं नाही," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

व्हरांड्यात आल्यावर ईनबाई दात खाऊन म्हणाली, "घरी चाल. पाहतो तुले."

"चाला," मुलगी म्हणाली. "चाव्या द्या आधी."

आणि तिनं तळहात पुढे धरला. ईनबाई इकडेतिकडे बघायला लागली. मी, मी काय केलं असेल सांगा? मी ईनबाईची समजूत घालायला उठले. 'लहान आहे पोरगी, मनावर नका घेऊ' हे वाक्य जिभेवर तयार होतं. जावेनं बसल्या जागेवरून कुबडी आडवी धरली आणि माझी वाट अडवली. "बसा," ती म्हणाली. मी बसले. चाव्या मुलीच्या हातात पडल्या. पुढे बरेच महिने त्या घरात कोणी तिच्याशी धड बोललं नाही. ती म्हणते, तेवढाच काळ बरा गेला.

निकाल लागला. बाई मालकिणीच्या वतीनं मालासोबत ड्रायव्हरच्या शेजारी बसलेली होती, ती फुकटी प्रवासी नाही, कंपनीनं भरपाई द्यावी. कंपनीनं आणखी बराच घोळ घातला. कधी सही जुळत नव्हती, कधी साहेब रजेवर होते. जावेचा पाय तोवर सुजत होता, उतरत होता, पुन्हा सुजत होता, आणि त्याला साहेबांची रजा कळत नव्हती. शेवटी पैसे आले. ते देताना कंपनीच्या माणसाचा चेहरा असा होता, की त्याच्या आजीचे दागिनेच आम्ही उतरवून नेत आहोत.

आपल्याकडे आजही लोक मालाच्या गाडीत खच्चून बसतात. बारशाला, तेरवीला, बाजाराला. मी रस्त्यात दिसले की हटकते, "काय गा, तुमच्यातला माल कोणता अन् मालक कोणता?" ते समजतात, म्हातारी सटकली. समजू देत. पन्नाशीत मला सगळे शहाणी समजायचे, त्यापेक्षा हे परवडलं.

ऑपरेशनच्या दिवशी वर्ध्याला आम्ही सगळे होतो. जावेला हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर झोपवलं होतं. दार उघडायच्या आधी एक नर्स कागद घेऊन आली आणि म्हणाली, "पेशंटसोबत कोण आहे? पायाला काय झालं होतं, कसं झालं, जरा सांगा."

मी पदर सारखा केला, घसा साफ केला आणि पुढे झाले.

स्ट्रेचरवरची जाऊ दोन्ही कोपरांवर जोर देऊन उठून बसली. "सिस्टर, तिले काही विचारू नका जी," ती म्हणाली. "मी हौसेनं पाय मोडून घेतला म्हणून सांगन ते."

नर्सला काहीच कळलं नाही. ती दिरांकडे वळली. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, आणि जावेला आत नेलं.